पेन्सिलीची रेघ आणि खोडरबर

मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण दहावी, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत मॅट्रिक, आणि पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा संगणकासारख्या विषयावर मी दिवाळी अंकातून चार पाने खर्ची घालावीत, हे वाचकांना विचित्र वाटेल. पण ज्या अपराधाबद्दल मला लिहावयाचे आहे, तो माझ्याच धंद्यातल्या दोन वस्तूंनी घडला. पहिली वस्तू ६बी शिसपेन्सिल. दुसरी खोडरबर.

२००१ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. त्याच वर्षी गणपतीनंतर मी पुण्याला बुधवार पेठेतल्या एका लहानशा दुकानातून जुळवाजुळव केलेला एक संगणक विकत आणला होता. 'जुळवाजुळव केलेला' म्हणजे डबा एका कंपनीचा, पडदा दुसऱ्या कंपनीचा, असा बारा गावचा वऱ्हाडी. त्याचा मेंदू, ज्याला प्रोसेसर म्हणतात, तो 'ड्युरॉन' नावाचा होता. अमेरिकेतील एएमडी कंपनीने २००० सालच्या जूनमध्ये तो गरिबांसाठी म्हणून बाजारात आणला. गरिबांसाठी म्हणजे काय, तर 'अॅथलॉन' नावाचा त्याचा थोरला भाऊ श्रीमंतांसाठी होता. माझा ड्युरॉन ६५० मेगाहर्ट्झचा. त्याची एकट्याची किंमत माझ्या तेव्हाच्या महिन्याच्या कमाईएवढी होती.

सुट्टीत माझा चुलतभाऊ घरी आला. तो पुण्याला तंत्रनिकेतनात शिकत होता. नरकचतुर्दशीची अंघोळ आणि फराळ उरकून मी आकाशकंदिलाचे फाटलेले कागद चिकटवीत बसलो होतो, तेव्हा बंधुराज म्हणाले, "दादा, तुझ्या संगणकात नऊशेचा माल आहे. तुला साडेसहाशेचा म्हणून दिलाय. तुझी ती काळीकुट्ट पेन्सिल दे जरा."

मला वाटले, हा थट्टा करतो आहे. पण त्याने डबा उघडला, पंखा काढला, खालचा अॅल्युमिनियमचा ठोकळा सोडवला, एक बारीकशी तरफ उचलून प्रोसेसर बाहेर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी चिनी मातीच्या जातीची चौकट, मध्ये चकचकीत सिलिकॉनचा तुकडा, आणि एका कडेला, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाहीत असे, सोनेरी ठिपक्यांच्या जोड्यांचे ओळीने गट. एका गटापाशी बारीक अक्षरात 'एल१' असे लिहिलेले. या ठिपक्यांना जोडणारे पूल कारखान्यात मुद्दाम तोडलेले होते. ते पुन्हा जोडले की प्रोसेसरचे कुलूप निघते. आणि जोडावयाचे कशाने? पेन्सिलीने. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते, आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. हे मी मुलांना कितीदा सांगितले असेल, पण त्याचा असा उपयोग असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हते. बंधुराजांचा हात थरथरत होता. मी म्हटले, "दे इकडे." आणि तासून टोकदार केलेल्या ६बी पेन्सिलीने, एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत, शेजारच्याला स्पर्श होऊ न देता, मी त्या रेघा ओढल्या. आयुष्यात इतक्या लहान रेघा मी त्यापूर्वी ओढल्या नव्हत्या आणि नंतरही नाहीत.

हा काय प्रकार आहे, तो ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकाच्या पोटात एक ताल चालू असतो. क्वार्ट्झच्या एका स्फटिकाच्या कंपनावर तो बांधलेला असतो. माझ्या यंत्रातल्या मुख्य पाटीचा, म्हणजे मदरबोर्डचा ताल १०० मेगाहर्ट्झचा, आणि प्रोसेसर त्याच्या साडेसहापट वेगाने चाले, म्हणजे सेकंदाला ६५ कोटी ठोके. हा साडेसहाचा गुणक कंपनीने कुलूपबंद केलेला. पूल जोडले की तो बदलता येतो. आम्ही तो नऊवर नेला. ९० कोटी ठोके झाले.

आता प्रश्न असा की ठोके वाढवल्याने बिघडते काय? आमच्या शाळेच्या लेझीम पथकाचे उदाहरण देतो. ढोल ठरलेल्या लयीत वाजतो तोवर शंभर मुलांची शंभर पावले एकदम पडतात. लय वाढवली, तरी चपळ मुले ती पकडतात. पण ओळीच्या टोकाला एखादा असा असतो की त्याचे पाऊल अजून उचललेलेच असते आणि पुढचा ठोका पडतो. ड्युरॉनच्या पोटात अशी अडीच कोटी मुले, म्हणजे ट्रान्झिस्टर होते. त्यातल्या एखाद्या वाटेवरचा संकेत वेळेत पोचला नाही की 'एक'च्या जागी 'शून्य' नोंदले जाते. यावर उपाय म्हणजे विजेचा दाब थोडा वाढवणे. दाब वाढला की ट्रान्झिस्टर चपळ होतात. पण उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीड व्होल्टवरून पावणेदोनवर जा आणि साडेसहाशेवरून नऊशेवर, की तापणे जवळजवळ दुप्पट होते. आणि गंमत अशी की तापला की तो पुन्हा सुस्तावतो.

या खटाटोपाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात आणि त्या काळी जगभरच्या पोरांना त्याचे वेड लागलेले होते. त्याचे मूळ आमच्या पेन्सिलीच्याही आधीचे. १९९८ सालच्या ऑगस्टमध्ये इंटेल कंपनीने 'सेलेरॉन ३००ए' नावाचा प्रोसेसर १४९ डॉलरला काढला आणि त्याच सुमारास '४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू' ६६९ डॉलरला. सेलेरॉनचा गुणक साडेचारवर कायमचा जखडलेला, आणि पाटीचा ताल ६६. परंतु पाटीला हा ताल कळतो तो प्रोसेसरच्या कडेवरच्या एका संपर्कपट्टीवरून, बी२१ नावाच्या. तिच्यावर कुणी चिकटपट्टीचा कपटा लावला, कुणी बहिणीचे नखपॉलिश फासले, की पाटीला वाटे, हा शंभरचा दिसतो. शंभर गुणिले साडेचार म्हणजे साडेचारशे! आणि पुष्कळ सेलेरॉन, खरोखरच, ४५० वर वर्षानुवर्षे निर्धोक चालले. आपल्या लॅमिंग्टन रोडवरही त्याच्या कथा पोचल्या होत्या.

माझ्या संगणकाची कथा मात्र जरा विनोदी आहे. मी त्यावर करीत होतो काय, तर कादंबरी टंकलिखित करीत होतो. प्रोसेसर ६५ कोटी ठोक्यांनी चालो की ९० कोटींनी, एका अक्षरापासून दुसऱ्या अक्षरापर्यंत जायला माझ्या बोटाला लागणारा वेळ तोच राहणार आणि नायिकेने पुढे काय करावे हे सुचावयाला लागणारा वेळही तोच. तरीदेखील पडद्यावर '९००' हा आकडा उमटला तेव्हा आम्ही दोघे ओरडलो. स्वयंपाकघरातून आई धावत आली. तिला वाटले, वीज लागली. तो आनंद कसला होता, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तो वेगाचा नव्हता. आपल्याला कमी दिले होते आणि ते आपण युक्तीने मिळवले, याचा होता. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या वस्तू दुय्यम प्रतीच्याच आल्या, त्याला तो बरोबर ओळखू येईल.

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, फराळाच्या ताटावर विचारले, "पण त्या कंपनीने तुला साडेसहाशेचा म्हणून विकला ना? मग वरचे अडीचशे कुणाचे?"

अण्णा पोस्टात कारकून होते. निवृत्त झाले होते. दोन पैशांचा हिशेब लागेना तर कचेरीत रात्री नऊपर्यंत बसणारा माणूस. बंधुराज तावातावाने म्हणाले, "काका, कंपनीनेच आधी फसवलंय. नऊशेचा माल साडेसहाशेचा म्हणून विकते, आणि वर कुलूप घालते."

या युक्तिवादात काही तथ्य आहे काय? मला वाटते, आहे आणि नाही. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर शेकडो प्रोसेसर एकदम तयार होतात. त्या सगळ्यांची प्रकृती सारखी नसते. पुढे प्रत्येकाची परीक्षा होते आणि जो जेवढे झेपवतो तेवढा आकडा त्याच्या कपाळी लिहितात. इथपर्यंत ते आंब्याच्या पेटीसारखे झाले, मोठी फळे वर, लहान खाली. पण कारखान्याचा हात बसला की बहुतेक माल पहिल्या प्रतीचाच निघू लागतो, आणि बाजारात गिऱ्हाईक तर दुसऱ्या प्रतीचे जास्त. मग पहिल्या प्रतीच्या फळावर दुसऱ्या प्रतीची चिठ्ठी लावतात. माझा ड्युरॉन बहुधा असाच. गुणकाला कुलूप घालण्यामागे आणखी एक कारण होते, ते मात्र मला न्याय्य वाटते. १९९० च्या दशकात काही लबाड व्यापारी स्वस्त प्रोसेसरवरचा आकडा पुसून मोठा आकडा छापीत आणि महाग विकीत. गिऱ्हाईक फसे, आणि बदनामी कंपनीची होई.

आता, चिठ्ठीवर लिहिलेले ६५० खोटे होते काय? नव्हते. तो प्रोसेसर ६५० वर चालत होता. चिठ्ठी एवढेच सांगत होती की इतक्याची आम्ही हमी घेतो. त्यापलीकडे तो जाणारच नाही, असे काही तिने म्हटले नव्हते. तेव्हा कंपनीने फसवले, हे काही खरे नाही. पण मग पेन्सिलीची रेघ ही चोरी ठरते काय? तेही मला पटत नाही. वस्तू मी पैसे मोजून घेतली. तिच्यावर रेघ ओढावी, ती देवघरात मांडावी किंवा खलबत्त्यात कुटावी, हा माझा अधिकार. अण्णांना हे पटले नाही. ते म्हणाले, "जे द्यायचे नव्हते म्हणून त्याने बांधून ठेवले, ते तू सोडवून घेतलेस." मी म्हटले, "अण्णा, बांधून ठेवले पण दिले ना?" यावर ते काही बोलले नाहीत. त्यांनी आणखी एक चकली घेतली.

पुढे तर खुद्द कंपन्यांनीच हा वाद गमतीदार करून ठेवला. २००९ साली एएमडीचे तीन गाभ्यांचे प्रोसेसर आले. त्यांत चौथा गाभा होताच, फक्त निजवून ठेवलेला. मदरबोर्डाच्या एका सोयीने तो कित्येकांनी जागा केला. काहींचा चौथा गाभा धडधाकट निघाला, काहींचा खरोखरच रोगी. आणि २०१० साली इंटेलने याच्याही पुढची मजल मारली. एक स्वस्तातला पेंटियम विकावयाचा, आणि त्याच्या पोटात बंद करून ठेवलेली शक्ती हवी असेल तर ५० डॉलरचे कार्ड घ्यावयाचे, त्यावरचा संकेतांक टाकला की कुलूप उघडले! म्हणजे पेन्सिलीची रेघ कंपनीच विकू लागली. लोकांनी इतकी ओरड केली की पुढच्याच वर्षी ती योजना गुंडाळली गेली. लोकांना राग कशाचा आला? आपलीच वस्तू आपल्यालाच दुसऱ्यांदा विकली जाते, याचा. तो राग मला समजतो.

असो. कंपनीशी असलेले माझे भांडण मी इथे मिटवतो. कारण खरा प्रश्न दिवाळीत नव्हता, तो उन्हाळ्यात उभा राहिला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्या तालुक्याच्या गावी थंडी बरी असते. नऊशेचा ड्युरॉन झकास चालला. मुख्याध्यापकांच्या कानी गेले की आमच्याकडे संगणक आहे. वार्षिक परीक्षेनंतर त्यांनी पाचवी ते नववीच्या गुणपत्रकांच्या याद्या माझ्या हवाली केल्या. एप्रिलचे दिवस, वर पत्रे तापलेले, खोलीत भट्टी. संगणक दोनदा मध्येच थिजला. मी बंद करून पुन्हा चालू केला आणि कामाला लागलो. याद्या छापल्या. रात्री सहज चाळताना सातवीच्या एका मुलाची बेरीज मला खटकली. विषयवार गुण बरोबर दिसत होते, खाली बेरीज मात्र चाळीसने कमी. तो मुलगा त्यामुळे दुसऱ्या श्रेणीत जात होता.

चूक माझी होती की यंत्राची? मी कुठे बेरजेच्या जागी हाताने आकडा टाकला होता, की थिजताना धारिका बिघडली होती, की अडीच कोटींपैकी एकाचे पाऊल चुकले होते? मला आजही ठाऊक नाही. आणि हे ठाऊक नसणे, हेच भयंकर होते. मोटार बिघडली तर बंद पडते, गिरणी बिघडली तर आवाज करते. पण मर्यादेच्या कडेवर चालणारे गणकयंत्र बिघडले तर ते शांतपणे, नीटनेटक्या अक्षरात, चुकीचे उत्तर छापून देते. एक बेरीज संशयास्पद ठरली की सगळ्याच ठरल्या.

मी अण्णांना उठवले. त्यांनी चष्मा लावला, डोक्याला फडके बांधले, आणि पाचवीपासून नववीपर्यंतच्या सगळ्या बेरजा आम्ही दोघांनी हाताने पुन्हा केल्या. ते वरून खाली मिळवत, मी खालून वर. पहाटे चारला संपले. आणखी चूक सापडली नाही. अण्णा पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "तुझी वस्तू, तू पाहिजे तशी पळव. पण ही पोरं तुझ्या गाडीत बसली आहेत, हे त्यांना कुठे ठाऊक?"

आमच्याकडे वडापची जीप असते. नऊ माणसांच्या गाडीत अठरा माणसे, वर दोन बोकडही. जीप मालकाची, टायर मालकाचे, फुटले तर भुर्दंड मालकाला. पण वडापच्या उतारूला निदान दिसत असते की आपण लोंबकळतो आहोत. उडी मारावयाची की बसावयाचे, हे तो ठरवू शकतो. माझ्या सातवीतल्या मुलाला काही दिसत नव्हते. फराळाच्या ताटावर आम्ही 'अधिकार कुणाचा' म्हणून भांडलो, ते भांडणच लहान होते. वस्तू कुणाची, याला उत्तर आहे. तिचा धोका कुणाचा, हे मात्र वस्तू कुणाची यावरून ठरत नाही.

(कुणी म्हणेल, गुरुजी आता मुलांवर येणार. शिकवण्यांचा दाब वाढवून साडेसहाशेची मुले नऊशेवर पळवणारे आईबाप, वगैरे. ही उपमा मला अनेकदा सुचली आहे आणि दर वेळी मी ती टाकून दिली आहे. मुलाच्या कपाळावर कुठलाच आकडा खरा नसतो, आणि जळाला तर दुसरा मिळत नाही.)

मी गुणक तेव्हाच साडेसहावर आणावयास हवा होता. आणला नाही. याद्यांचे काम संपले, आता उरली फक्त माझी कादंबरी, तिच्यात चूक झाली तर कोण दाद मागणार, असे म्हणून नऊशेच ठेवला. मे महिन्यात पंख्यात धूळ आणि गोधडीचा दोरा अडकून तो थांबला. त्या जातीच्या प्रोसेसरला तापल्यावर स्वतःहून बंद होण्याची सोय नव्हती. जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

प्रोसेसर बाहेर काढला. माझ्या सहा महिन्यांपूर्वीच्या रेघा तशाच होत्या. कंपनीच्या हमीत ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान बसत नाही, हे मला ठाऊक होते. मी कपाटातून खोडरबर काढला. वर्गात मी मुलांना सांगत असतो, खोडरबर वापरू नका, चुकलेली रेघ राहू द्या, तिच्या शेजारी बरोबर रेघ ओढा. तो मी, त्या रात्री, अत्तरवाल्याकडच्या बारीक काडीला कापूस गुंडाळून रबराचे कण निपटून काढीत होतो.

दुकानदार माझ्याच वयाचा, कर्ज काढून दुकान थाटलेला मुलगा होता. त्याने प्रोसेसर उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाला, "सर, काही केलं नव्हतं ना?"

मी म्हटले, "नाही."

त्याने खणातून नवा काढून दिला. कंपनीचे उत्तर येईपर्यंत थांबावे लागले नाही, म्हणून मी त्याचे आभारही मानले! येताना एस. टी. मध्ये मी स्वतःला समजावीत होतो, एवढ्या मोठ्या कंपनीला एका प्रोसेसरचे काय. नव्या प्रोसेसरवर मी रेघ ओढली नाही. बंधुराजांनी पुढल्या दिवाळीत विचारले तेव्हा, कंटाळा आला, असे सांगितले. अण्णांना मी खोडरबराचे कधीच सांगितले नाही. २००७ साली ते गेले.

त्यानंतरच्या वर्षी मी त्या दुकानात गेलो. दुकान वाढले होते, तो जाडावला होता, मला ओळखले. मी पाकीट त्याच्यापुढे ठेवले आणि सगळे सांगितले. त्याने मध्येच हात वर केला. "सर, मला तेव्हाच कळलं होतं. ग्रॅफाइट पुरतं जात नाही. भिंगाखाली चमकतं."

"मग दिलात का?"

"विचारलं ना तुम्हाला. तुम्ही नाही म्हणालात. शिक्षक माणूस. मग पुढं काय बोलणार?" थोड्या वेळाने तो म्हणाला, "कंपनीकडं मी तो पाठवलाच नाही. परत आला असता."

म्हणजे सहा वर्षे मी ज्या मोठ्या कंपनीचे नुकसान म्हणून स्वतःचे समाधान करीत होतो, तिला त्याचा पत्ताही नव्हता. भुर्दंड त्या पोराने सोसला होता, दुकान नवे असताना.

मला वाटले होते, तो पैसे नको म्हणेल. कादंबरीत मी तसेच लिहिले असते. त्याने पाकीट उघडले, नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि खणात टाकल्या. मग पावतीपुस्तक ओढले, माझे नाव विचारून लिहिले, आणि 'तपशील' या रकान्यापाशी थांबून म्हणाला, "काय लिहू?"

मी म्हटले, "तुम्हीच सांगा."

त्याने लिहिले, "जुनी बाकी." आणि खाली, सवयीने, तारीख घातली.